फसलेला प्रयोग आणि त्याची जबाबदारी

विज्ञानाच्या इतिहासात यशस्वी प्रयोगांची नोंद ठळक अक्षरांत होते; फसलेल्या प्रयोगांची नोंद बहुधा प्रयोगशाळेतील वहीपुरती राहते. कथा-कादंबऱ्यांची आणि चित्रपटांची गोष्ट याच्या उलट आहे. मेरी शेली यांची 'फ्रँकेनस्टाइन' ही कादंबरी १८१८ साली प्रसिद्ध झाली, तेव्हापासून फसलेला प्रयोग हा भयकथेचा हक्काचा विषय होऊन बसला. कोणी एक बुद्धिमान प्रयोगकर्ता, त्याच्या हातून निसटलेली एखादी अनावर शक्ती आणि शेवटी त्या शक्तीचा नाश, असा या कथांचा ठरलेला साचा आहे. १९५० नंतरच्या दशकात इंग्लंडमध्ये व अमेरिकेत अल्प खर्चात जे विज्ञान-भयपट निघाले, त्यांनी हा साचा इतका वापरला की तो पार झिजून गेला. त्यांपैकी बहुतेक चित्रपट विस्मृतीत गेले. जे थोडे टिकले, ते का टिकले याचा शोध घेणे उद्‌बोधक ठरते. या प्रकरणात अशाच एका चित्रपटाचा विचार करावयाचा आहे. त्याचे नाव 'द क्वेटरमास एक्स्पेरिमेंट'. १९५५ साली हॅमर या ब्रिटिश चित्रसंस्थेने तो काढला. व्हॅल गेस्ट हे त्याचे दिग्दर्शक होत.

दूरचित्रवाणीवरील मूळ मालिका

या चित्रपटाचे मूळ दूरचित्रवाणीवरील एका मालिकेत आहे. १९५३ सालच्या जुलै-ऑगस्टमध्ये बी.बी.सी.ने दर शनिवारी संध्याकाळी सहा भागांची ही मालिका दाखविली. लेखक होते नायजेल नील आणि निर्माते-दिग्दर्शक रुडॉल्फ कार्टिए. प्राध्यापक क्वेटरमास यांची भूमिका रेजिनाल्ड टेट यांनी केली होती. नायकाचे हे चमत्कारिक आडनाव नील यांना लंडनच्या टेलिफोन-सूचीत सापडले. 'बर्नार्ड' हे त्याचे पहिले नाव त्यांनी ज्योतिर्विद बर्नार्ड लव्हेल यांच्यावरून घेतले.

त्या काळी नाटके दूरचित्रवाणीवरून थेट प्रक्षेपित होत असत. लंडनमधील अलेक्झांड्रा पॅलेसच्या चित्रशाळेत नट अभिनय करीत आणि त्याच क्षणी तो घरोघरी दिसत असे. मराठीत 'प्रयोग' हा शब्द शास्त्रज्ञ वापरतो तसा नाटकमंडळीही वापरतात. ही मालिका दोन्ही अर्थांनी प्रयोग होती. एकदा झालेली चूक पुसून टाकण्याची सोय तीत नव्हती. सहा भागांपैकी पहिल्या दोन भागांचेच मुद्रण झाले, म्हणून आज तेवढेच उपलब्ध आहेत.

शेवटच्या भागात एक अक्राळविक्राळ जीव वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीमध्ये दिसावयाचा होता. पैसा नव्हता आणि तांत्रिक साधनेही नव्हती. तेव्हा अ‍ॅबीच्या अंतर्भागाचे एक मोठे छायाचित्र घेण्यात आले, त्याला भोके पाडण्यात आली आणि काटक्या-पाने चिकटविलेले हातमोजे घालून खुद्द लेखक नील यांनी आपले हात त्यांतून बाहेर काढून हलविले. तेवढ्यावर प्रेक्षकांची बोबडी वळली. त्याचे एक कारण स्थळाच्या निवडीत होते. त्याच वर्षी २ जून रोजी राणी एलिझाबेथ द्वितीय यांचा राज्याभिषेक याच वास्तूत झाला होता आणि लक्षावधी लोकांनी तो दूरचित्रवाणीवर पाहिला होता. ज्या पडद्यावर दोन-अडीच महिन्यांपूर्वी राजवैभव दिसले, त्याच पडद्यावर आता त्याच वास्तूत हा जीव दिसत होता.

चित्रपटाचे कथानक

हॅमर ही संस्था त्या वेळी लहान होती. थेम्स नदीच्या काठी ब्रे येथील एका जुन्या वाड्यात तिने आपली चित्रशाळा थाटली होती. मालिकेची लोकप्रियता पाहून संस्थेने चित्रपटाचे हक्क घेतले. चित्रपटाचा खर्च सुमारे ४२,००० पौंड सांगितला जातो. त्या काळाच्या मानानेही ही रक्कम बेताचीच होती. रिचर्ड लँडाऊ व व्हॅल गेस्ट यांनी मालिकेतील विस्तृत कथा ८२ मिनिटांत बसेल अशी आटोपशीर केली.

कथानक थोडक्यात असे. प्राध्यापक क्वेटरमास सरकारी परवानगीची वाट न पाहता तीन माणसांसह एक अग्निबाण अवकाशात पाठवितात. काही काळ त्याच्याशी असलेला संपर्क तुटतो आणि मग तो इंग्लंडमधील एका शेतात येऊन आदळतो. दार उघडल्यावर व्हिक्टर कॅरून हा एकच अंतराळवीर धडपडत बाहेर येतो. उरलेल्या दोघांचे पोशाख आत सापडतात. त्यांची सर्व बंधने जशीच्या तशी आवळलेली आहेत, आत माणसे मात्र नाहीत.

कॅरूनची वाचा जवळजवळ गेली आहे. मदतीची याचना करण्यापलीकडे तो काही बोलू शकत नाही. रुग्णालयात डॉक्टर ब्रिस्को यांना त्याच्या चेहऱ्याच्या हाडांची ठेवण बदलत असल्याचे जाणवते. पोलीस अधिकारी लोमॅक्स गुपचूप त्याच्या बोटांचे ठसे घेतात. ते ठसे माणसाचे नाहीत असे आढळते. अग्निबाणातील स्वयंचलित कॅमेऱ्याने टिपलेली फीत धुऊन पाहिल्यावर उलगडा होतो. अवकाशातील कोणत्या तरी सजीव शक्तीने यानात शिरकाव केला, दोघांना विरघळवून टाकले आणि तिसऱ्याच्या शरीरात ठाण मांडले.

कॅरूनच्या पत्नीला, ज्यूडिथला, यातले काहीच सांगितलेले नाही. आपल्या पतीला प्रयोगाची वस्तू म्हणून अडकवून ठेवले आहे, एवढेच तिला दिसते. म्हणून ती एका खासगी गुप्तहेराच्या साहाय्याने त्याला रुग्णालयातून पळवून नेते. तत्पूर्वी कॅरूनने खोलीतील निवडुंगाच्या कुंडीवर हात मारलेला असतो आणि ती काटेरी वनस्पती त्याच्या मांसात मिसळून गेलेली असते. त्या हाताने तो प्रथम गुप्तहेराचा आणि नंतर एका औषधविक्रेत्याचा बळी घेतो. पुढे प्राणिसंग्रहालयातील जनावरे मरून पडलेली आढळतात. शेवटी प्राणी आणि वनस्पती यांच्या मिश्रणातून झालेला एक आकारहीन गोळा वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत, दुरुस्तीसाठी बांधलेल्या परांचीवर चढून बसतो. त्याने बीजाणू सोडले तर पृथ्वीवरील जीवसृष्टी धोक्यात येणार. तेव्हा क्वेटरमास लंडनची सारी वीज एकवटून परांचीत सोडतात आणि तो जीव जळून जातो.

अल्प साधनांतून साधलेला परिणाम

हे कथानक वाचताना वाचकाला हसू येण्याचा संभव आहे. तसे झाल्यास त्याचा दोष नाही. ज्या शेकडो चित्रपटांनी पुढे याच कल्पना गिरविल्या, त्यांचा तो दोष आहे. प्रत्यक्ष चित्रपट पाहताना हसू येत नाही. याची कारणे तीन सांगता येतील.

पहिले कारण दिग्दर्शकाच्या दृष्टीत आहे. गेस्ट यांनी हा चित्रपट वार्तापटासारखा घेतला. कृष्णधवल छायाचित्रण, हातात धरलेला कॅमेरा, एकमेकांचे बोलणे तोडत बोलणारी पात्रे, अग्निशामक दलाची धावपळ, पोलीस ठाण्यातील नित्याचे व्यवहार, या सर्वांमुळे घटना बातमीसारखी वाटू लागते. अद्‌भुत गोष्ट सांगणाऱ्याने आपला आवाज चढवू नये, तो शक्य तितका साधा ठेवावा, हे कथनाचे जुने तत्त्व येथे कसोशीने पाळले आहे.

दुसरे कारण असे की, जे दाखविण्याची ऐपत नव्हती ते चित्रपटाने प्रेक्षकाच्या कल्पनेवर सोपविले. यानातील फीत हा या दृष्टीने चित्रपटाचा सर्वांत उत्तम भाग होय. ती फीत मूक आहे. तीन माणसे आपापल्या कामात गढलेली दिसतात. यानाला हिसका बसतो. मग हवेत काहीसे थरथरल्यासारखे होते. त्याला आकार नाही, रंग नाही. ते तिघे त्याच्याकडे पाहतात आणि एकामागून एक कोसळतात. प्रयोगशाळेत बसून ही फीत पाहणाऱ्या शास्त्रज्ञांइतकेच प्रेक्षकही असहाय असतात. जे घडावयाचे ते घडून गेले आहे. आता फक्त पाहावयाचे. याउलट, शेवटचा जीव प्रत्यक्ष दाखवावाच लागला. लेस बोवी यांनी तो रबर आणि खाटकाकडची वजडी यांच्या साहाय्याने बनविला. तो दिसू लागताच भीतीची धार काहीशी बोथट होते, हे मान्य केले पाहिजे.

तिसरे कारण संगीतात आहे. जेम्स बर्नार्ड यांनी हॅमरसाठी दिलेले हे पहिलेच पार्श्वसंगीत. केवळ तंतुवाद्ये आणि तालवाद्ये यांवर ते रचले आहे. दोन-तीन स्वरांची पुनरावृत्ती आणि तंतुवाद्यांवरील कर्कश कंपने यांतून जी अस्वस्थता निर्माण होते, ती मोठ्या वाद्यवृंदाने क्वचितच साधली असती.

काटकसरीबरोबर व्यापारी चातुर्यही होते. ब्रिटनमध्ये १९५१ पासून सोळा वर्षांखालील मुलांना वर्ज्य असलेल्या चित्रपटांना 'एक्स' हे प्रमाणपत्र देण्यात येऊ लागले होते. इतर निर्माते त्या अक्षराला बिचकत. हॅमरने मात्र 'एक्स्पेरिमेंट' या शब्दाचे इंग्रजीतील आद्याक्षर गाळून टाकले आणि 'एक्स' हेच अक्षर जाहिरातीत मिरविले. अमेरिकेतील वितरण सुलभ व्हावे म्हणून नायकाच्या भूमिकेसाठी ब्रायन डॉनलेव्ही या अमेरिकन नटाची योजना झाली. ही निवड नील यांना कधीच रुचली नाही. त्यांचा क्वेटरमास विचारी आणि संवेदनशील होता. डॉनलेव्ही यांचा क्वेटरमास उर्मट, घाईचा आणि कोणाचे न ऐकणारा आहे. लेखकाची तक्रार रास्त होती. तरीही या बदलामुळे चित्रपटाला, कदाचित न ठरविता, एक निराळाच अर्थ प्राप्त झाला. त्याचा विचार आता करू.

कॅरूनचा चेहरा

कॅरूनची भूमिका रिचर्ड वर्डस्वर्थ या रंगभूमीवरील नटाने केली. कवी विल्यम वर्डस्वर्थ यांच्या वंशातील हा नट. त्याच्या वाट्याला संवाद जवळजवळ नाहीतच. फिल लीकी यांच्या रंगभूषेने गालफडे खोल गेलेली आणि डोळे बाहेर आलेले असा चेहरा त्याला दिला. बाकी सारे काम नटाने डोळ्यांनी आणि शरीराच्या हालचालींनी केले आहे. स्वतःच्याच हाताकडे तो ज्या नजरेने पाहतो, ती नजर श्वापदाची नाही. ती रोग्याची आहे. आपल्या शरीरात काय चालले आहे हे त्याला कळते, पण ते थांबविता येत नाही आणि कोणाला सांगताही येत नाही.

नदीकाठचा एक लहानसा प्रसंग येथे ध्यानात घेण्याजोगा आहे. लपत फिरणाऱ्या कॅरूनला एक छोटी मुलगी भेटते. ती निर्भयपणे त्याला आपल्या खेळात ओढू पाहते. त्याचा हात उगारला जातो, तिच्या बाहुलीचे डोके फुटते, आणि मुलीला इजा होण्यापूर्वी तो निकराने स्वतःला मागे खेचून पळून जातो. १९३१ सालच्या 'फ्रँकेनस्टाइन' चित्रपटात तळ्याकाठी असाच प्रसंग आहे. तेथील मुलगी बुडून मरते, कारण त्या अजाण जीवाला आपल्या कृतीचा परिणाम कळत नाही. कॅरूनला तो कळतो. माणूस म्हणून त्याने घेतलेला हा अखेरचा निर्णय होय. यानंतर त्याच्यात माणूस उरत नाही.

हा प्रसंग संपतो तेव्हा या चित्रपटातील खरे भय कोठे आहे हे उमगू लागते. कॅरूनभोवती वावरणाऱ्या मंडळींकडे पाहावे. लोमॅक्स यांना तो संशयित वाटतो. क्वेटरमास यांना तो पुराव्याचा एकमेव साठा वाटतो. अवकाशात काय घडले हे त्याच्या तोंडून कळावे, ही त्यांची तळमळ. सरकारी अधिकाऱ्याला तो एक अडचणीचे प्रकरण वाटतो. ब्रिस्को यांच्यापुरता तो रोगी आहे, पण त्यांचा सल्ला मागे पडतो. त्याला माणूस म्हणून पाहणारी एकटी ज्यूडिथ आणि तिच्यापासूनच सत्य लपविलेले. तिच्या अज्ञानी मायेने अनर्थ घडतो हे खरे, पण ते अज्ञान तिने मिळविलेले नव्हते. ते तिच्यावर लादलेले होते. एका बाजूस करुणेवाचून ज्ञान आणि दुसऱ्या बाजूस ज्ञानावाचून करुणा, अशी फारकत झाली आणि त्या फटीतून संकट शहरात शिरले. परग्रहावरून काही यावे लागले, हे केवळ निमित्त.

शेवटचा प्रश्न

मूळ मालिकेच्या शेवटी क्वेटरमास त्या जीवासमोर उभे राहतात आणि त्याच्यात विलीन झालेल्या तिघा माणसांना हाक घालतात. त्यांच्यातील मानवी इच्छाशक्ती जागी होते आणि तो जीव स्वतःचा अंत करून घेतो. हा शेवट उदात्त आहे. प्रयोगकर्ता आपल्या बळींच्या समोर जातो, त्यांना नावाने ओळखतो. चित्रपटात तसे घडत नाही. विजेचा झोत सोडला जातो, जीव जळतो आणि क्वेटरमास झपाझप बाहेर पडतात. कोणाच्याही प्रश्नाला ते उत्तर देत नाहीत. आता पुढे काय करावयाचे, असे त्यांचा साहाय्यक विचारतो. पाऊल न थांबविता ते सांगतात की, आपण पुन्हा सुरुवात करणार. ते अंधारात निघून जातात, आणि पुढच्याच दृश्यात दुसरा अग्निबाण आकाशात झेपावतो.

चित्रपट येथे संपतो. या शेवटाचा अर्थ दोन परीने लावता येतो. एक म्हणजे, हे वैज्ञानिकाचे धैर्य आहे. अपयशाने खचून जाणारा माणूस नवे काही शोधू शकत नाही. विज्ञानाची सारी वाटचाल पुन्हा सुरुवात करणाऱ्यांनीच केली आहे. दुसरा अर्थ असा की, ही निर्दयता आहे. तीन सहकारी गेले, अनेक निरपराध माणसे मेली, एक स्त्री भ्रमिष्ट झाली. या कशाचाही ओरखडा त्या मनावर उमटलेला नाही.

आमच्या मते दोन्ही अर्थ खरे आहेत, आणि प्रश्न त्यांच्यामधील जागेत आहे. जिज्ञासेला कोणी दोष देत नाही. प्रयोगातून अनपेक्षित फळ निघणे हाही दोष नव्हे. फळ आधीच ठाऊक असेल तर प्रयोगाची गरजच काय? पण 'फसले' आणि 'पुन्हा सुरू' या दोन शब्दांच्या मध्ये काही पायऱ्या असतात. काय चुकले याची चौकशी, ज्यांची हानी झाली त्यांना हिशेब, पुढच्या वेळी कोणती खबरदारी घ्यावयाची याचा विचार, अशा त्या पायऱ्या. चित्रपटाने या साऱ्या पायऱ्या गाळल्या आहेत. दोन दृश्यांच्या सांध्यात त्या नाहीशा झाल्या आहेत आणि प्रेक्षकाला ती पोकळी जाणवते. अखेरचा अग्निबाण वर जाताना पाहून आनंद होत नाही, पोटात गोळा येतो, तो यामुळेच.

काळाच्या कसोटीवर

हा चित्रपट निघाला तेव्हा मानवनिर्मित एकही वस्तू पृथ्वीभोवती फिरत नव्हती. पहिला स्पुट्‌निक ४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोडण्यात आला. १२ एप्रिल १९६१ रोजी युरी गागारिन यांनी पृथ्वीप्रदक्षिणा केली. अवकाशात सजीव शक्ती दबा धरून बसलेली असेल ही नील यांची कल्पना खरी ठरली नाही. परंतु तिच्या मुळाशी असलेली शंका शास्त्रज्ञांनी गंभीरपणे घेतली. १९६७ च्या आंतरराष्ट्रीय अवकाश-कराराने, बाहेरून आणलेल्या पदार्थांमुळे पृथ्वीच्या पर्यावरणाला अपाय होऊ नये म्हणून काळजी घेण्याचे बंधन राष्ट्रांवर घातले. जुलै १९६९ मध्ये चंद्रावरून परतलेल्या 'अपोलो ११'च्या तिघा अंतराळवीरांना सुमारे तीन आठवडे इतरांपासून अलग ठेवण्यात आले. चंद्रावर जीवसृष्टी नाही याची खात्री पटल्यावर, 'अपोलो १५'पासून ही प्रथा बंद झाली. चित्रपटातील शेतात मात्र अग्निबाणाभोवती गर्दी जमते आणि कॅरूनला सरळ रुग्णालयात नेले जाते.

माणसांवरील प्रयोगांच्या बाबतीतही असेच म्हणता येईल. दुसऱ्या महायुद्धात नाझी डॉक्टरांनी कैद्यांवर केलेल्या अत्याचारांच्या खटल्यानंतर १९४७ साली न्युरेंबर्ग संहिता तयार झाली. प्रयोगास सामोऱ्या जाणाऱ्या व्यक्तीची स्वेच्छेने दिलेली संमती हा तिचा पहिला नियम. इजा होण्याचा संभव दिसताच प्रयोग थांबविण्याची तयारी प्रयोगकर्त्याने ठेवली पाहिजे, हा शेवटचा. १९६४ साली हेलसिंकी येथील जाहीरनाम्याने वैद्यकीय संशोधनासाठी या तत्त्वांचा विस्तार केला. 'क्वेटरमास' या दोन घटनांच्या मधल्या काळातला. अर्थात, चित्रपट काढणाऱ्यांच्या मनात नीतिशास्त्राचा धडा देण्याचा हेतू नव्हता; त्यांना तिकिटे खपवावयाची होती. ती भरपूर खपली. या यशामुळेच हॅमरने भयपटांचा मार्ग धरला आणि १९५७ साली 'द कर्स ऑफ फ्रँकेनस्टाइन' काढून जगभर नाव मिळविले.

तथापि लोकप्रिय कला पुष्कळदा आपल्या हेतूपेक्षा अधिक बोलून जाते. अणुस्फोटांच्या चाचण्या चालू असलेल्या त्या काळात, प्रयोगशाळेत घेतलेल्या निर्णयांचे परिणाम आपल्याला न विचारता आपल्या घरापर्यंत येतात, हे सामान्य माणसाला कळून चुकले होते. ते सांगण्यासाठी त्याच्याजवळ पारिभाषिक शब्द नव्हते. एका स्वस्तातल्या चित्रपटाने त्याला एक चेहरा दाखविला. वाचा गेलेला, मदत मागणारा आणि शेवटच्या क्षणी एका मुलीपासून आपला हात मागे घेणारा तो चेहरा होता. प्रयोग पुन्हा सुरू करणाऱ्या प्रत्येकाने तो एकदा नीट पाहावा, एवढीच या चित्रपटाची अपेक्षा आहे. क्वेटरमास यांनी तो पाहिला नाही.